जुन्या दारांचं खुराडं

नोरीन हेस्लपला दोनच गोष्टींची भीती वाटत नसे, मातीची आणि कोंबड्यांची. बाकी जगातली प्रत्येक वस्तू आपल्या वाईटावर टपलेली आहे अशी तिची पक्की समजूत होती. घराबाहेर पडताना ती गॅसची बटणं तीनदा बघायची आणि कोपऱ्यावरून परत येऊन चौथ्यांदा. दुधाच्या बाटलीवर उद्याची तारीख असली तरी दूध आजच मोरीत. कुत्री, शिड्या, लिफ्ट, मासळीतले काटे, अनोळखी नंबरावरून येणारे फोन, काही विचारू नका. तिचा नवरा डग चारचौघांत म्हणायचा, "आमची बाई छत्री उघडण्याआधी छत्रीची परवानगी घेते." डग खाणीत होता. खाण बंद झाल्यावर काही वर्षांनी छातीत साठलेल्या धुळीने तो गेला, आणि नोरीनच्या भीतीची टिंगल करायला घरात कोणी उरलं नाही. ते काम मग माझ्याकडे आलं.

मी क्लेम हेदरिंग्टन. उत्तर इंग्लंडात डरहमकडच्या आमच्या गावात खाणीमागच्या उतारावर भाजीचे प्लॉट आहेत, त्यातला अकरावा माझा आणि बारावा तिचा. चाळीस वर्षं मी खाणीच्या मालकीच्या घरांना रंग दिला. आता कांद्याच्या जातीच्या लीकचे जाड दांडे पिकवतो, आठ कोंबड्या पाळतो आणि लोकांच्या कामात नाक खुपसतो. नोरीनने तीस वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात पट्ट्यापाशी उभं राहून मोडकी, करपलेली बिस्किटं वेचून काढली होती. तिच्या नजरेतून खोट सुटत नसे. माझ्या वाफ्यातली रेघ वाकडी गेली तर कुंपणापलीकडून आवाज यायचा, "क्लेम, दोरी लावलीस की डोळे मिटून पेरलंस?"

डग गेल्यावर दुसऱ्या वर्षी तिने तो प्लॉट घेतला. कोंबड्याही हव्या होत्या आणि भाजीही, जागा मात्र तीस पावलं लांब आणि दहा पावलं रुंद. गावातल्या दुकानात तयार खुराडं बघून आली ती तणतणतच. "एवढ्या पैशात मी स्वतःच त्यात राहायला जाईन!" मग आम्ही दोघांनी डोकं लढवलं. खुराडं प्लॉटच्या मधोमध, विटांच्या चार पायांवर. त्याला दोन झडपा, एक डावीकडे उघडणारी, दुसरी उजवीकडे. पहिल्या वर्षी कोंबड्या डावीकडे आणि भाजी उजवीकडे. वर्ष सरलं की डावी झडप बंद, उजवी उघडी. कोंबड्यांनी वर्षभर उकरून, गोगलगायी फस्त करून आणि शिटून जी जमीन तयार केली तिच्यात भाजी, आणि भाजी निघालेल्या जमिनीत कोंबड्या. छपरावरचं पाणी पिंपात यायचं. दक्षिणेच्या अंगाला एक जुनी खिडकी बसवून आत फळी ठोकली, तिथे फेब्रुवारीत कोंबड्यांच्या उबेवर टोमॅटोची रोपं वाढायची. हे शेवटचं डोकं तिचं. मी ते नंतर माझ्या नावावर खपवलं, ती गोष्ट वेगळी.

भिंती आणि कुंपण दारांचं. आमच्या उतारावर कुंपण दारांचंच असतं. खाणकामगारांच्या घरांची एखादी रांग पाडायला घेतली की दारं कचऱ्यात जायच्या आत आम्ही म्हातारे हातगाड्या घेऊन हजर. त्या साली दुसरी रांग पाडली. बावीस दारं मी नोरीनला आणून दिली, घरांच्या नंबरांसकट. सतरा नंबराच्या दारातून आत गेलं की गाजरं, एकोणीसमधून कोंबड्या. जाळी आणि बिजागऱ्या तेवढ्या विकत आणाव्या लागल्या. खिळे माझ्या डब्यातले.

पण नोरीनला दारांचा सोललेला रंग बघवेना. पापुद्रे सुटलेले, एकाखाली एक थर, वर तपकिरी, त्याखाली हिरवा, त्याखाली मलईसारखा पांढरा. "हे असं अंगावर आल्यासारखं दिसतं," ती म्हणाली आणि माझ्याकडून खरवडायची पट्टी मागून नेली. तीन आठवडे ती दारं खरवडत होती. कपच्या पडायच्या, कोंबड्या मधून मधून चोच मारायच्या, ती त्यांना हाकलून झाडून घ्यायची. झाडलेलं सगळं एका फुटक्या लोखंडी पिंपात घालून काड्याकुड्यांबरोबर जाळलं आणि राख कांद्याच्या वाफ्यावर पसरली. राख कांद्याला चांगली म्हणून आम्ही सगळेच पसरतो. मग तिने सगळ्या दारांना निळा रंग दिला. उतारावरून खाली बघितलं की तिचा प्लॉट एकटा स्वच्छ दिसायचा.

त्याच वर्षी तिची नात जन्मली, नेल. नोरीनची मुलगी लिन्से म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात पाळीने काम करायची. नवरा नव्हता, होता तो निघून गेलेला. नेल दिवसभर आजीकडे. ती बसायला लागली तेव्हापासून रोज सकाळी तिला एक मऊ उकडलेलं अंडं आणि टोस्टच्या पट्ट्या. दुपारी बटाटा, गाजर, कोबीची पानं ठेचून. दुकानातलं काही नको. "त्यावर काय काय मारतात देव जाणे," नोरीन म्हणायची. "माझ्या पोरीच्या पोटात जाईल ते माझ्या डोळ्यांसमोर वाढलेलं असेल." नेल झडपेशी उभी राहून "कोंबी, कोंबी" म्हणून टाळ्या पिटायची, आणि नोरीनच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली निश्चिंती असायची. माणसाला एवढं सुख असू नये असं तेव्हा वाटायचं. हे मी मत्सराने म्हणत होतो, आता तसं म्हणवत नाही.

नेल सव्वादोन वर्षांची असताना मार्चमध्ये मिसेस डॉड आजारी पडली. मिसेस डॉड म्हणजे कोंबडी. नोरीनने आपल्या सहाही कोंबड्यांना कारखान्यातल्या मुकादमिणींची नावं दिली होती, हिशेब चुकते करायला म्हणे. मिसेस डॉड दारू प्यायल्यासारखी चालायला लागली, पंख ओघळले, हिरवं हगायला लागली, आणि तिसऱ्या दिवशी पाण्याच्या भांड्यापाशी मरून पडली. आठवड्याने दुसरी तशीच.

"पक्ष्यांचा ताप आलाय," नोरीन पांढरी पडून म्हणाली. "मी गुरांच्या डॉक्टरांना फोन करते."

"अगं, दोन कोंबड्या मेल्या. राणीला कळवायची गरज नाही," मी म्हणालो. "उगाच सरकारी माणसं येतील आणि सगळ्या उताराच्या कोंबड्या मारून टाकतील. जरा थांब."

"तू थांब. मला थांबता येत नाही."

आणि तिने फोन केला. उतारावरचे लोक तिच्यावर खार खाऊन होते. चौदाव्या प्लॉटवाल्या बिलने तर आपल्या कोंबड्या पोत्यात भरून मेव्हण्याकडे नेऊन ठेवल्या. गुरांची डॉक्टरीण आली, तरणी मुलगी, पायात चिखलाचे बूट. तिने दुसरी कोंबडी बर्फाच्या डब्यात घालून नेली आणि म्हणाली, "ताप वाटत नाही, पण उघडून बघू."

पाचव्या दिवशी सकाळी मी लीकच्या चरात खत घालत होतो. सतरा नंबरचं दार उघडलं आणि नोरीन बाहेर आली. फोन अजून हातात होता. तिने माझ्याकडे बघितलं पण मी तिला दिसत असेन असं वाटलं नाही.

"कोंबडीच्या पोटात रंगाच्या कपच्या सापडल्या," ती म्हणाली. "शिसं. जुन्या रंगातलं शिसं. अंड्यात उतरतं म्हणाली. ती म्हणाली, घरात अंडी कोण कोण खातं?"

मी फावडं सोडलं.

"क्लेम, तिने विचारलं, घरात लहान मूल आहे का. आणि मी म्हटलं, हो."

आता जे सांगतो ते मी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या रांगेची दारं रंगवणारा माणूस मी होतो. पंधराव्या वर्षी ब्रश हातात घेतला तो त्याच रांगेत. सगळ्यात खालचा, मलईसारखा पांढरा थर माझ्या हातचा होता. ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली मी शिकलो त्याची मनगटं शेवटी लुळी पडली होती, चहाचा कप त्याला धरता येत नसे. रंगातलं शिसं बाधू नये म्हणून मालक आम्हा पोरांना रोज सकाळी पेलाभर दूध प्यायला लावायचे. म्हणजे मला ठाऊक होतं. साठ वर्षं डोक्याच्या कुठल्या तरी अडगळीत पडून होतं. नोरीन खरवडत होती तेव्हा एकदा, फक्त एकदा, ती पांढरी कपची बघून माझ्या मनात आलं, अरे, हा तर तो जुना रंग. आणि तेवढ्यात तिने चहा आणला आणि मी चहा प्यायलो. एवढंच. पुढे दोन वर्षं, घरच्या कोंबड्या असूनही, तिने दिलेली अंडी मीसुद्धा खाल्ली.

त्या दिवसापासून नोरीनच्या जुन्या भीत्या कुठे गेल्या कळलं नाही. गॅसची बटणं बघायची ती विसरली. एकाच भीतीने सगळी जागा व्यापून टाकली. तिला लिन्सेला सांगायचं होतं आणि सांगवत नव्हतं. दुपारपर्यंत ती माझ्या बाकावर बसून होती. नेल आमच्या पायांशी बादलीत दगड टाकत होती, आणि नोरीन तिच्याकडे टक लावून बघत होती. बिस्किटांच्या पट्ट्यापाशी तीस वर्षं बघितलं असेल तशी.

"ही अजून दोन शब्द जोडत नाही," ती म्हणाली. "शेजारच्या घरातली तिच्याच वयाची पोर गाणी म्हणते. मी म्हणत होते, होईल, लिन्सेही उशिराच बोलली. आणि तिचं पोट दुखतं. मी बडीशेपेचं पाणी द्यायचे. क्लेम, मी तिला विष घालत होते आणि वर बडीशेपेचं पाणी."

"अगं, पोरांची पोटं दुखतातच."

"तू गप्प बस."

मी नेलच्या बादलीत एक दगड टाकला. पांढऱ्या रंगाचं तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तोंड उघडलं नाही. भ्यालो, दुसरं काय.

लिन्से पाळीवरून आली तेव्हा नोरीनने मला बरोबर यायला लावलं. स्वयंपाकघरात लिन्से अजून कामाच्याच कपड्यांत होती, केटल लावत होती. "काय झालंय? दोघांची तोंडं अशी का? क्लेमकाका, काकू तर बऱ्या आहेत ना?"

नोरीनने सगळं सांगितलं, न थांबता, जणू थांबली तर पुन्हा सुरू करता येणार नाही. केटल उकळून बंद झाली. लिन्सेने नेलला उचलून मांडीवर घेतलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"किती दिवस?"

"बसायला लागली तेव्हापासून."

"रोज?"

"रोज."

लिन्सेने आदळआपट केली असती, आईला घालून पाडून बोलली असती, तर मला बरं वाटलं असतं. ती उठली, नेलला कोट चढवला आणि दवाखान्यात निघाली. दारातून मागे वळून म्हणाली, "आई, तू इथेच थांब. तुझ्याकडे बघून ती घाबरते." ती नेलबद्दल म्हणत होती, तेही त्या घटकेपुरतं. नोरीनने ते आयुष्यभरासाठी ऐकलं.

रक्त घेतलं. निकालाला सहा दिवस म्हणाले. ते सहा दिवस मला आजही मोजता येतात, एकेक करून.

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याची बाई आली. तिने दारांच्या खालच्या कडा खरवडून पुड्या बांधल्या, कांद्याच्या वाफ्यातली माती चमच्याने डबीत भरली, आणि डावीकडची, उजवीकडची अशी सगळी माती. निळा रंग खालून फुगला होता. कोंबड्यांनी तो टोचून टोचून चोच पोचेल तेवढ्या उंचीपर्यंत लाकूड उघडं केलं होतं. आम्ही रोज ते बघत होतो आणि हसत होतो, मुकादमिणी काम बघतायत म्हणून. ती बाई नोरीनला म्हणाली, "इथलं काही खाऊ नका. कोंबड्या दुसरीकडे हलवून पाळता येतील, पण अंडी बरेच महिने चालणार नाहीत."

ती गेल्यावर नोरीन म्हणाली, "क्लेम, मला त्या आजच्या आज नकोत. मला जमणार नाही. तू कर."

चार कोंबड्या. माझ्या हाताला सवय आहे, तरी एकेकीला काखेत धरून मान पिरगळायला मला वेळ लागला. नोरीन पाठमोरी उभी होती, हात कानांवर. शेवटची मिसेस लम्ली होती. ती माझ्या कोटाच्या बाहीत डोकं खुपसून शांत बसली. पोत्याचं तोंड बांधून मी म्हणालो, "झालं," आणि नोरीन म्हणाली, "झालं कुठे."

तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशी तिने घर धुतलं. भिंती, जिना, नेलची खेळणी, बूट. नखं मुळापर्यंत कापली, तरी बोटं नाकापाशी नेऊन हुंगायची, शिशाला वास असल्यासारखी. वाचनालयातून पुस्तक आणलं होतं. मुलाची बुद्धी कमी होते, कान मंदावतात, चिडचिड वाढते, आणि गेलेलं परत येत नाही, हे ती मला कुंपणावरून वाचून दाखवायची, शाळेतल्या मुलीसारखी बोट ओळीवर ठेवून. मी म्हणायचो, "पुस्तक बंद कर, बाई." ती म्हणायची, "बंद केलं तर आतलं खोटं होतं का?" रात्री तिचा दिवा जळत असायचा का ते मी बघितलं नाही, पण सकाळी सात वाजता जाऊन बघावं तर ती कपडे घालून खुर्चीत बसलेली असायची, फोन मांडीवर.

उतारावर सगळ्यांची पाचावर धारण बसली होती. प्रत्येकाचं कुंपण दारांचंच. बिल मेव्हण्याकडून कोंबड्या आणायचा थांबला. ज्यांना नातवंडं होती ते माझ्याकडे येऊन विचारायचे, "क्लेम, तू रंगारी होतास ना? त्या रंगात खरंच शिसं असायचं?" मी म्हणायचो, "कुणास ठाऊक." हे मी चार वेळा म्हणालो, चार वेगवेगळ्या माणसांना. माझी मलाच किळस आली.

सातव्या दिवशी दुपारी लिन्सेची गाडी प्लॉटच्या वाटेवर थांबली. नोरीन फावड्यावर रेलून उभी होती. तिचे ओठ हलत होते, प्रार्थना असेल किंवा आकडे. लिन्से फाटकापर्यंत आली.

"जास्त आहे," ती म्हणाली. "असायला हवं त्याच्या दुपटीहून थोडं जास्त. दवाखान्यात ठेवायला नको म्हणाले. औषधसुद्धा नको. अंडी बंद, दूध भरपूर, लोहाचं सिरप. तीन महिन्यांनी परत रक्त. उतरेल म्हणाले, आई."

"आणि बोलणं? डोकं?"

"ते कुणी सांगू शकत नाही म्हणाले. कदाचित काहीच झालं नसेल. ती उशिराच बोलणारी असेल."

"कदाचित," नोरीन म्हणाली.

लिन्सेने डोळे पुसले. ती मुळात भली पोर. "हे बघ, मी आठवडाभर तुझ्यावर इतकी चिडले होते की रस्त्यात गाडी थांबवून ओरडत होते. झालं ओरडून. सोमवारी माझी सकाळची पाळी आहे. तिला नेहमीसारखं आणून सोडते, चालेल?"

मला वाटलं नोरीन तिच्या गळ्यात पडेल. ती दोन पावलं मागे सरकली.

"नको. माझ्याकडे नको."

"आई, काय बोलतेस?"

"माझ्या हाताला भरवसा नाही. मी ज्याला हात लावते त्यात काय असेल मला दिसत नाही. मला दिसलं नाही, लिन्से. दोन वर्षं. दुसरीकडे ठेव तिला."

लिन्सेने समजावलं, मग चिडली, मग रडली. नोरीन बधली नाही. पुढचे पाच आठवडे तसेच गेले. नेल कधी लिन्सेच्या मैत्रिणीकडे, कधी त्या मैत्रिणीच्या आईकडे. दोनदा लिन्सेला पाळी सोडावी लागली आणि तिसऱ्यांदा सोडली तर नोकरीचं बघू असं शुश्रूषागृहाच्या साहेबांनी सुनावलं. एप्रिलच्या शेवटी एका शनिवारी पावाच्या दुकानाबाहेर मी हे डोळ्यांनी बघितलं: नेलने आजीला पाहिलं आणि हात पसरून धावत सुटली. नोरीनने दोन्ही हात पाठीमागे नेले. पोर तिच्या गुडघ्यांवर येऊन आदळली, वर बघत राहिली, आणि नोरीन हात पाठीमागे घट्ट धरून तशीच उभी. लिन्से धावत येऊन नेलला घेऊन गेली. नेल रडलीसुद्धा नाही. तिने फक्त मागे वळून बघितलं.

मी त्या दिवशी घरी जेवलो नाही. माझी बायको ग्रेटा म्हणाली, "तुझं काय चाललंय ते मला ठाऊक आहे. लग्न झालं तेव्हा तुझ्या कपड्यांवर तो पांढरा रंग असायचा, मी वेगळे धुवायचे. जा आणि बोल."

सोमवारी सकाळी गेलो. नोरीन दारं उपटत होती, हातमोजे, तोंडाला फडकं. खुराड्याचं छप्पर उतरवलं होतं, खिडकी गवतात उपडी पडली होती.

"नोरीन, मला बोलायचंय."

"बोल की. कुणी अडवलंय?"

"त्या दारांना रंग मी दिला होता. शिशाचा. मला ठाऊक होतं."

ती वळली. "काय ठाऊक होतं?"

आता, खरं सांगायचं तर मला आठवलं होतं ते एक क्षणभर, आणि तेही अर्धवट. पण अर्धवट सांगून उपयोग नव्हता. अर्धवट दोष मी घेतला असता तर उरलेला अर्धा तिने उराशी धरून ठेवला असता. म्हणून मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "सगळं. दारं आणून दिली तेव्हाही, तू खरवडत होतीस तेव्हाही. पोरांना त्रास होतो हेही. तुला कळायचा मार्गच नव्हता. मला होता. पण सांगितलं असतं तर बावीस दारं परत वाहून न्यावी लागली असती, म्हणून गप्प बसलो."

तिने तोंडावरचं फडकं खाली ओढलं. नेल झडपेशी टाळ्या पिटायची ते क्षण सोडले तर माझ्या ओळखीच्या पस्तीस वर्षांत मी नोरीनचा भीती नसलेला चेहरा बघितला नव्हता. आता बघितलं. लालबुंद, डोळे माझ्यावर रोखलेले, आणि भीतीचा मागमूस नाही.

"तू तिथे उभा होतास," ती म्हणाली. "ती अंडं खात होती तेव्हा तू माझ्या स्वयंपाकघरात बसून चहा पीत होतास."

"हो."

"मी माझ्या पोरीच्या पोरीला हात लावला नाही. पाच आठवडे. मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय, माझ्याच हातात काहीतरी आहे. आणि तू कुंपणापलीकडे लीक लावत होतास!"

"हो."

"चालता हो. माझ्या प्लॉटवरून चालता हो, क्लेम हेदरिंग्टन, आणि पुन्हा माझ्या दाराशी दिसलास तर ह्याच फावड्याने डोकं फोडीन."

मी चालता झालो. माझ्या फाटकापर्यंत पोचेस्तोवर ती फोनवर ओरडत होती, सगळ्या उताराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "लिन्से? पाळी केव्हा आहे तुझी? उद्या? तिला आणून सोड. हो, माझ्याकडे. माझं काही चुकलेलं नाही, मी तुला सांगते कुणाचं चुकलंय ते."

लिन्से त्या दिवसापासून मला क्लेमकाका म्हणत नाही. उतारावर कुणी माझ्या बाकावर बसत नाही. ग्रेटा म्हणते, जरा जास्तच सांगून आलास. असेल. पण जेव्हा मी एकटा बसतो तेव्हा मला नक्की सांगता येत नाही की मी किती वाढवून सांगितलं, आणि किती खरं होतं. तीन महिन्यांनी रक्तात शिसं निम्म्यावर आलं, हे मला बिलकडून कळलं. नेल बोलायला लागली आहे, पण बोलण्यात काही कमी आहे का हे तिची आजी अजून कान लावून ऐकते, आणि मीही कुंपणापलीकडून ऐकतो.

आता बाराव्या नंबरला कोंबड्या नाहीत. वरची माती खरवडून नेली, नवी आणून टाकली, भाजी उंच पेट्यांत. पेट्या नव्या लाकडाच्या, लिन्सेने हप्त्याने घेतलेल्या. नेल रोज सकाळी तिथे पाणी घालते. मी दिसलो की "केम!" म्हणून हाक मारते. नोरीन तिचा हात धरून तिला दुसऱ्या बाजूला वळवते, माझ्याकडे न बघता. हात धरते मात्र अगदी घट्ट. मी माझ्या लीकच्या चरात खाली बघून काम करत राहतो.